समृद्धी अपार्टमेंटच्या टाकीचं गाऱ्हाणं

मी एक जुनी, काळ्या रंगाची पाण्याची टाकी आहे. हिंगोली शहराच्या टोकाला समृद्धी अपार्टमेंट नावाची तीन मजली इमारत आहे, तिच्या गच्चीवर मी उभी आहे. नाव समृद्धी, पण जिन्यात दिवा नाही, भिंतींना ओल आहे आणि सांडपाण्याचा पाइप बारा महिने गळतो. मी तक्रारखोर नाही. पण जे घडलं ते सांगताना अजूनही माझा संताप होतो.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यातला. काळी भुकटी साच्यात ओतली, साचा आगीवर गोल फिरवला आणि मी तयार झाले. टेम्पोतून येताना कनेरगाव नाक्याच्या ढाब्यावर पोरांनी मला ढोलासारखं वाजवून पाहिलं होतं. किती ऐटीत होते मी! घरमालक किशनरावांनी माझ्यापुढे नारळ फोडला. सुरुवातीला मला आतून घासूनपुसून धुतलं जायचं. नवा भाडेकरू आला की ते त्याला गच्चीवर आणून मला दाखवायचे आणि पाण्याची तारीफ करायचे.

इमारत भरली आणि माझी तारीफ संपली. मग गच्चीवर हळद आली.

किशनरावांचं पुसेगावला शेत आहे. शिजवलेली हळद शेतात वाळत घातली तर राखण करावी लागते. इथे गच्चीच्या दाराला कुलूप ठोकलं की झालं. भाडेकऱ्यांना कपडे वाळवायलाही वर येणं बंद. हळद उचलायला काही सापडेना, तेव्हा त्यांनी माझं झाकण काढलं, उलटं धरलं आणि घमेल्यासारखं वापरलं. नंतर ते झाकण हळदीबरोबर टेम्पोत बसून शेतात गेलं. माझं तोंड उघडं राहिलं. वाऱ्याने धूळ आली, हळदीची फोलपटं आली. एक दिवस एक कबुतर पाणी प्यायला वाकलं आणि आत पडलं. मी हाका कशा मारणार?

नळांतून मला घराघरांतलं बोलणं ऐकू येतं. दुसऱ्या मजल्यावर शितल राहते. साखरा गावाजवळच्या तांड्यावरची ती, लेकीच्या शाळेसाठी नवऱ्यासोबत इथे आली. लेकीचं नाव निता. शितलने नळाखाली हंडा धरला तर पाणी पिवळसर. तिने किशनरावांना गाठलं.

"मालक, पाणी पिवळं येऊन राहिलं. टाकी धुवा ना."

"आवो, वाऱ्यानं हळद पडली आसंल. हळदीनं काय व्हतंय? उलट आंगाला चांगलीच."

आणि मित्रांनो, शितलला ते पटलं. का नाही पटणार? तांड्यावर लेकरू पडलं, खोकलं की हळदच देतात. तिने पाणी फडक्याने गाळलं आणि लेकीला पाजलं. पिवळा रंग बघून तिला धीर आला, आणि त्या रंगाखाली काय कुजत होतं ते कुणालाच दिसलं नाही.

निताला उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. तिला दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. पोर डोळे उघडेना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, पाणी कुठलं पिता?

शितल भर दुपारी घरी आली, खलबत्त्यातला बत्ता घेतला आणि गच्चीचं कुलूप फोडलं. तिने माझ्यात डोकावलं आणि तोंडाला पदर लावला. हळद बघायला आलेले किशनराव आवाज ऐकून धापा टाकत वर आले. मागोमाग इतर भाडेकरूही जमले.

"कुलूप काहून तोडलं? माझी हळद हाय इथं!"

"टाकीचं झाकण कुठं हाय, मालक?"

"ते व्हय? शेतात नेलं. वासराला आंबोण ठेवायला बराबर झालं."

त्यांना ते सांगताना काही वाटलंही नाही. शितलने माझ्यातलं पाणी तांब्यात घेतलं. वर पिसं तरंगत होती. तिने तांब्या त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. आंगाला चांगलं हाय."

किशनराव मागे सरकले.

"माझं लेकरू हेच पेलं. तुमी दोन घोट घ्या ना."

त्यांनी हात पुढे केला नाही. तांब्या तसाच राहिला.

त्या दिवशी भाडेकऱ्यांनीच मला रिकामं केलं, घासलं, धुतलं. किशनराव तेव्हा ताडपत्री ओढत होते, कारण धुण्याचं पाणी त्यांच्या हळदीकडे चाललं होतं. निता चार दिवसांनी घरी आली. तिच्या हातावर सुईचे काळेनिळे डाग होते. आता माझ्या तोंडावर शितलची मोठी परात आहे, वर दगड ठेवलेला. ती भाकरी छोट्या ताटात थापते.

मित्रांनो, तुम्ही ज्या टाकीचं पाणी पिता ती कधी पाहिली आहे का? आजच वर जाऊन पाहा. तिला झाकण आहे का, ती आतून कधी धुतली, ते विचारा. गच्चीला कुलूप असेल तर किल्ली मागा, ती मागण्यात लाज कसली? आणि पाणी चांगलंच आहे असं मालक म्हणाले, तर पहिला पेला त्यांनाच भरून द्या.