भस्माखाली उरलेला रंग

२००१ सालच्या एका सोमवारी कोल्हापुरात एकाच यंत्रावर, एकाच आवाजाच्या दोन सीडी तयार झाल्या. पहिली सहा वर्षे देवाजवळ राहिली आणि रोज मऊ फडक्याने पुसली गेली. दुसरी जवळच्या गडमुडशिंगी गावात बियाण्याच्या डब्यात पडून होती. २००७ साली दोन्ही वाजवून पाहिल्या. पहिली मुकी निघाली, दुसरी वाजली.

मी एक जुनी सीडी आहे. त्या दोघींतली पहिली.

मित्रांनो, माझा पाया म्हणजे पॉलिकार्बोनेट नावाच्या टणक, पारदर्शक प्लॅस्टिकची चकती. तिच्यावर सायनिन नावाच्या निळसर हिरव्या रंगाचा लेप आहे. तो केसापेक्षा शेकडो पट पातळ आहे. त्यावर आरशाचे काम करणारा चांदीचा थर आणि सर्वांवर संरक्षक वार्निश. लिहिताना लेसरचा किरण रंगावर ठिपके भाजत जातो. वाचताना दुसरा, सौम्य किरण भाजलेली आणि न भाजलेली जागा यांतला फरक ओळखतो. लेखन म्हणजे एवढा फरकच. तो पुसट झाला की यंत्राला काही वाचता येत नाही.

शाहूपुरीत प्रभुलिंग यांचे कॉम्प्युटर सेंटर होते. तेथील काचेच्या कपाटात माझ्या शेजारी एक महाग सीडी होती. तिच्यात रंगाऐवजी चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांचा मिश्रधातू होता. त्यावरचे लेखन सुमारे हजार वेळा पुसून पुन्हा लिहिता येते. माझ्यावर मात्र एकदाच लिहिता येते.

त्या सोमवारी चन्नाप्पा दुकानात आले. ते मार्केट यार्डात गुळाच्या सौद्यांची बोली पुकारत आणि त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापर्यंत पोचे. त्यांच्या घशात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी स्वरयंत्र काढायचे होते. मुलगी सौंदर्या तेव्हा रसायनशास्त्र शिकत होती. तिला पुढे मूल होईल, त्याच्या बारशाला आजोबांनी पाळणा म्हणायचा असतो, असे चन्नाप्पांनी स्वतःपुरते ठरवले होते. तो त्यांना आधीच म्हणून ठेवायचा होता.

प्रभुलिंग यांनी दोन्ही प्रकारच्या सीडी त्यांच्यापुढे ठेवल्या आणि फरक सांगितला. चन्नाप्पांनी क्षणाचाही वेळ घेतला नाही.

"पुसता येणारी नको," ते म्हणाले. "एकदाच लिवा, पण पक्कं लिवा."

त्यांना जीपमधून घेऊन आलेले बाळासो हे त्यांचे जुने मित्र. गडमुडशिंगीला शेती करत. तेही एक प्रत मागू लागले. कशाला, असे चन्नाप्पांनी विचारले.

"उद्यापास्नं तू गप बसणार. मग मी भांडू कुणासंगं?"

चन्नाप्पा हसले, खोकले आणि गायले. अर्धा पाळणा मराठीत, अर्धा त्यांच्या आईच्या कन्नडमध्ये. एकूण चार मिनिटे अकरा सेकंद. तेवढा आवाज माझ्या अंगावर कोरला गेला.

ऑपरेशन झाले. चन्नाप्पा वाचले. त्यानंतर ते पाटीवर लिहून बोलू लागले.

त्यांच्या पत्नी शांतादेवी यांनी मला एकदा ऐकले आणि पुन्हा यंत्रात घालू दिले नाही. झिजेल, अशी त्यांना भीती वाटे. त्यांनी मला देवाच्या कोनाड्याशेजारी, पूर्वेच्या खिडकीसमोर खिळ्याला टांगले. चकचकीत बाजू दिसायला बरी, म्हणून ती बाहेर ठेवली. रोज आंघोळ झाली की त्या मला कोरड्या फडक्याने पुसत आणि कालच्या भस्मावरच तीन बोटांनी नव्या भस्माचे तीन आडवे पट्टे ओढत, नेहमी भोकाच्या वर, त्याच जागी. ज्याच्यात नवऱ्याचा आवाज आहे, त्याला भस्म लावायचे नाही तर कशाला लावायचे? माझी एवढी काळजी दुकानातही कुणी घेतली नव्हती. मला त्याचे समाधान वाटे, हे मी नाकारत नाही.

सहा वर्षांनी सौंदर्याला मुलगी झाली. पहिले बाळंतपण माहेरी होते. एव्हाना ती कॉलेजात शिकवत होती. बारशाच्या सकाळी घर माणसांनी भरले, पाळणा बांधला गेला, आणि मला समारंभपूर्वक खिळ्यावरून उतरवून यंत्रात घातले. यंत्राने मला फिरवले, थांबवले, पुन्हा फिरवले आणि बाहेर ढकलले. दुसरे यंत्र आणले. त्यानेही तेच केले.

चन्नाप्पा पाळण्याची दोरी हातात धरून बसले होते. त्यांनी ती सोडली.

शेजारच्या धोंडुबाईंनी दृष्ट लागल्याचे निदान केले. मग शांतादेवींकडे पाहून म्हणाल्या, "इतकं भस्म फासलंस, त्येचा काय बी उपेग न्हाय की गं."

सौंदर्याने प्रभुलिंग यांना फोन केला, तर ज्यात मूळ आवाज साठवला होता तो संगणक त्यांनी केव्हाच मोडीत घातला होता. तेव्हा चन्नाप्पांनी पाटी ओढली आणि लिहिले: बाळासो.

बाळासो दुपारी आले. त्यांच्या हातात पत्र्याचा डबा होता. त्यातले सोयाबीन परातीत ओतल्यावर तळाशी कागदी पाकिटात माझी बहीण निघाली. अंगावर धूळ आणि दोन ओरखडे.

"वाजवायला मशीन न्हाई माझ्याकडं," ते म्हणाले. "फुडल्या साली लागणारी वस्तू मी बियाण्यात ठिवतो. म्हटलं, ही बी लागंल कवातरी."

ती वाजली. दोन ठिकाणी अडखळली, पण वाजली. चन्नाप्पांनी दोरी पुन्हा धरली. खोलीत त्यांचा आवाज चालला होता. त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते आणि हात लय चुकवत नव्हता. शांतादेवी मात्र माझ्याकडे बघत होत्या.

"माझंच काईतरी चुकलं," त्या म्हणाल्या.

सौंदर्याचा दृष्टीवर विश्वास नव्हता, आणि आईला उगाच धीर देणेही तिला जमत नसे. तिने मला ओल्या कापसाने पुसले. भस्म निघाले आणि तिचा हात थांबला. माझे सारे अंग फिकट, जुन्या कागदासारखे झाले होते. फक्त भोकाच्या वर, भस्म होते तेथे, तीन पट्टे निळसर हिरवे उरले होते. तिने बहिणीला शेजारी धरले. बहीण सगळीच त्या रंगाची होती.

"अव्वा, हे बघ," ती म्हणाली. "तुझ्या बोटांखाली रंग टिकलाय. बाकी सगळा उन्हानं खाल्लाय."

शांतादेवींनी तीन बोटे त्या पट्ट्यांवर ठेवली. ती नेमकी बसली.

त्याच संध्याकाळी बहिणीच्या आणखी तीन प्रती काढल्या. त्या काळ्या कापडात गुंडाळून घरातल्याच एका पत्र्याच्या डब्यात गेल्या. शांतादेवी आता भस्म डब्याला लावतात. मी सौंदर्याच्या वर्गात असते आणि दरवर्षी मुलांच्या हातांतून फिरते.

मित्रांनो, एखादी वस्तू जपायची असेल, तर ती कशाची बनली आहे हे आधी विचारा; कुठे ठेवायची ते त्यावरून ठरवा. महाग सीडीचा मिश्रधातू त्या उन्हाला सहज पुरून उरला असता. सायनिनचा रेणू उजेडात तुटतो आणि रंग जातो. खिडकी पूर्वेची होती. चकचकीत बाजू बाहेर होती. सकाळचे ऊन सहा वर्षे रोज माझ्यावर पडले. चन्नाप्पांचा आवाज पहिल्यांदा गेला तो शस्त्रक्रियेने. दुसऱ्यांदा गेला तो या उन्हाने.