उरलेले तीन बुडखे

राडिसावने साखळी बुडख्याभोवती आवळली आणि ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये पुढे घेतला. मुळं करकरली, जमीन फुगली, आणि आलुबुखाराचा तो बुडखा मातीसकट कलंडला. पलीकडे वेलिमिरने कुऱ्हाड खाली ठेवून तीन बोटं वर केली. आता तीनच उरले होते.

ऑगस्टपासून दोघं याच कामावर होते. रोग पडून बाग गेली, झाडं तोडावी लागली, आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यात वेलिमिरला विमान उतरवण्यापुरती गवताची धावपट्टी हवी होती. तीस वर्षं त्याने मोरावा नदीकाठच्या सूर्यफुलांवर फवारणीचं विमान चालवलं होतं. आता त्याचं स्वतःचं दोन जणांचं जुनं विमान कोठारात ताडपत्रीखाली उभं होतं. ट्रॅक्टर घेऊन मदतीला आलेल्या राडिसावची कंबर मात्र या पट्ट्याने पार घालवली होती. घरी जाऊन बूट काढायला तो एकदा बसला, की त्याला उठवत नसे.

दुपारी वेलिमिरची बायको देसांका घेवड्याच्या रश्श्याचं पातेलं घेऊन आली. वेलिमिर हात धुवायला ओढ्यावर गेला होता.

"किती राहिले, मिस्त्री?"

"तीन. उद्या दुपारपर्यंत सुटलो बघा, वहिनी. मग आठवडाभर लोळणार."

देसांका चमचे पुसत राहिली. ते आधीच स्वच्छ होते.

"उद्या नको," ती म्हणाली.

राडिसावने तिच्याकडे पाहिलं.

"बेलग्रेडहून पत्र आलंय, मोठ्या डॉक्टरांचं. त्याचं हृदय ठीक नाही. विमान चालवायला मिळणार नाही आता. पिठाच्या डब्यात ठेवलंय मी."

"त्याला सांगितलं नाहीत?"

"पहाटे पाचला उठतो, मिस्त्री. शीळ घालत बूट चढवतो. गेल्या हिवाळ्यात दहा-दहा वाजेपर्यंत भिंतीकडे तोंड करून पडलेला असायचा." तिने ओढ्याकडे नजर टाकली. "तुमचा ट्रॅक्टर बिघडू शकतो ना? जुनाच तर आहे."

"माझा ट्रॅक्टर बिघडत नाही," राडिसाव म्हणाला. त्याला ते जरा लागलंच होतं.

वेलिमिर आला. देसांका त्याच्या शेजारी उपटलेल्या बुडख्यावर टेकली आणि त्याच्याच पातेल्यात पाव बुडवून खाऊ लागली. मिरची फार तिखट आहे म्हणाली. तो म्हणाला, रोप तूच लावलंस. मग ती रिकामं पातेलं घेऊन निघून गेली.

जेवणानंतर राडिसावने बऱ्याच वेळाने इंजिन सुरू केलं. बुडख्यापर्यंत जाऊन तो खाली उतरला, झाकण उघडलं आणि डिझेलच्या नळीचा नट पाव फेरा सैल केला. इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

"डिझेल येत नाही," तो म्हणाला. "उद्या माणूस बोलवावा लागेल."

वेलिमिर आला, वाकला. इंजिनं त्याने आयुष्यभर पाहिली होती. दोन बोटांनी त्याने नट घट्ट केला आणि हात विजारीला पुसले.

"देसांकाने सांगितलं वाटतं."

"काय सांगितलं?"

"पत्राचं. पाकीट तिच्या हाती दिलं म्हणून पोस्टमन मला बोलला होता." तो ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला. "आणि डॉक्टरने तपासलं त्याच दिवशी मला तोंडावरच सांगितलं होतं. जूनमध्ये."

राडिसावने टोपी काढली. जून. म्हणजे पहिला बुडखा निघायच्याही आधी.

"मग हे उकरतोयस कशाला, देवमाणसा? माझ्या कंबरेचा भुगा झाला इथे."

वेलिमिरने जमिनीवरची एक काडी उचलली.

"एकेचाळीस वर्षं झाली लग्नाला," तो म्हणाला. "घरी ती चुलीपाशी उभ्याने जेवते. मला वाढते आणि पाठ फिरवते. भांडण काही नाही. तशी सवयच पडून गेली." त्याने बुटावरची माती काडीने खरवडली. "इथे बसते."

ओढ्यापलीकडे कुणाच्या तरी शेतात कापणीयंत्र घरघरत होतं.

"तिला काही बोलू नकोस," वेलिमिर म्हणाला.

राडिसावने मान हलवली. दोघांनीही त्याला एकच गोष्ट सांगितली होती, आणि आता वेलिमिरलाही ती ठाऊक आहे हे देसांकाला कळू द्यायचं नव्हतं. त्याने साखळी गुंडाळून सीटखाली टाकली आणि ट्रॅक्टरची किल्ली खिशात घातली. मग मागून फावडं काढलं, सर्वांत जवळच्या बुडख्यापाशी गुडघे टेकले आणि थोडी-थोडी माती बाजूला सारू लागला.

"तू त्या बाजूने धर," तो मान वर न करता म्हणाला. "आणि घाई नको करूस."