विचारलं म्हणून सांगू नका

पिशवीवरचा आकडा धुऊन धुऊन पुसट झाला होता... एक असेल, नाहीतर सात. तिने ती जाळीची पिशवी खिडकीच्या उजेडाकडे धरली तसे आतले ओले कपडे एका बाजूला घसरले. एक नंबरवाला मुलगा ताडासारखा उंच, त्याची पँट एवढी आखूड असायची नाही. म्हणजे सात, म्हणजे बारकीची. पाच दिवस झाले तरी इथल्यांचे चेहरे तिच्या नीट लक्षात राहत नव्हते, कपडे मात्र आता अंधारातही ओळखता आले असते.

घर सुटलेल्या मुलामुलींना दिवसभर टेकायला जागा देणारं हे केंद्र. इथे आठवडाभर मदत करायला कॉलेजातून अकरा जण आले होते. धुलाईच्या खोलीत कोण थांबेल, असं सरांनी विचारलं तेव्हा तिने पटकन हात वर केला होता, कारण यंत्रांच्या घरघरीत कुणी कुणाशी बोललं नाही तरी चालतं. सुट्टी सोडून आलात, कौतुक वाटतं, असं सर सगळ्यांना म्हणाले तेव्हा तिने मान खाली घातली. सुट्टी सोडून! वसतिगृह बंद होणार होतं, आणि बाबांनी फोनवर, घरी कधी येतेस, हे विचारायच्या ऐवजी, तिकडे किती दिवस लागतील, असं विचारलं होतं. मागे नव्या आईचा — आईच म्हणायचं असं ठरलं होतं — भांडी लावण्याचा आवाज मधेच थांबला होता. आठवडा, ती म्हणाली. "बरं झालं," बाबा म्हणाले, आणि भांडी पुन्हा वाजू लागली.

बारकी दारात येऊन उभी राहिली, पण तिची नजर पिशवीवर नव्हती. हिच्याहून दोनच वर्षांनी लहान, बोलायला फटकळ. आज मात्र चौकटीचा सुटलेला रंग नखाने खरवडत होती. तिला एक फोन करून हवा होता. नंबर पाठ होता.

"माझा आवाज ऐकला की आई ठेवून देते," ती म्हणाली. "केंद्रातून बोलतेय असं सांग. बरी आहे म्हणावं. आणि ती काय म्हणते ते ऐक फक्त."

मुलांच्या घरी परस्पर फोन करायचा नाही, हे केंद्रातल्या ताईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ते तिला आठवलं, अगदी ताईंच्या आवाजासकट आठवलं... तरी तिने फोन काढला आणि काचेच्या दाराबाहेर, कपडे वाळत घालायच्या अंगणात गेली.

तिसऱ्या घंटीला एका बाईने उचलला. हिने केंद्राचं नाव सांगितलं, तुमची मुलगी बरी आहे म्हणाली. पलीकडे दार लोटल्याचा आवाज, आणि मग अगदी हळू:

"जेवते का ती?"

"हो... जेवते."

"पुन्हा फोन करू नका. घरात हे असतात." बाईने आवाज आणखी खाली घेतला. "आणि मी विचारलं म्हणून सांगू नका तिला. सांगितलंत तर ती येईल इकडे."

हातात गप्प झालेला फोन घेऊन ती ओल्या चादरींमध्ये उभी राहिली. आईने विचारलं हे सांगावं तर पोरगी आज संध्याकाळीच त्या घराची वाट धरेल, पुन्हा फोन करू नका म्हणाली हे सांगावं तर... आत आल्यावर ती म्हणाली, "कुणी उचलला नाही."

बारकीने काचेच्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. काचेतून सगळं दिसत होतं.

"तुझे ओठ हलत होते."

यंत्र पाणी सोडू लागलं. ती उगाच त्याचं झाकण चाचपू लागली. शेवटी बारकीनेच तिची सुटका केली.

"चुकीचा लागला असेल," ती म्हणाली, आणि वाळलेल्या चादरीचं एक टोक उचलून दुसरं तिच्या हातात दिलं.

दोघी घड्या घालू लागल्या. टोकाला टोक, जवळ यायचं, लांब जायचं. दर वेळी जवळ आल्यावर बारकीचा चेहरा समोर यायचा, न रडलेला, आणि तिला सांगून टाकावंसं वाटायचं. तोंडाशी आलेलं परत जायचं. आपण हिला वाचवतोय, ती स्वतःला बजावत होती. उद्या दुपारी गाडी निघेल, मग हे ताईंना सांगून जाऊ, त्यांना कळतं कुणाला कधी काय सांगायचं ते... पण त्या बजावण्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि चौथ्या चादरीला ते तिला दिसलं. बाईचा तो दबका आवाज कानात फिरत होता आणि तिला तो जाऊ द्यायचा नव्हता. जेवते का ती? पाच दिवसांत, खरं तर कितीतरी महिन्यांत, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. प्रश्न दुसरीबद्दलचा होता. उत्तर देताना, हो, जेवते, म्हणताना, क्षणभर तिने ते स्वतःबद्दलच दिलं होतं.

"घट्ट धर ना," बारकी म्हणाली.

तिने घट्ट धरलं. आणि या पोरीच्या वाटणीचं ते विचारणं आपण तिच्या भल्यासाठी लपवलंय, की आपल्याजवळ राहावं म्हणून, हे तिचं तिलाच सांगता येईना.