टाकीमागचा तीन-शून्य

बातम्या बघताना ती बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचीच नाही. बघायची ती त्याच्या पाठीमागे. तोंडं ठरवून बोलतात, पाठीमागचं सगळं बेसावध असतं, असं तिचं मत. लेक झाल्यापासून तर संशय तिच्या अंगातच मुरला होता. दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचायची, डॉक्टरांनी दिलेलं औषध मोबाइलवर पडताळायची, आणि नगरसेवक हात जोडून हसला की टीव्हीचा आवाजच बंद करायची.

"तुझ्याच नवऱ्याच्या हातची बातमी, आणि तुझाच विश्वास नाही!" सासरे चिडवायचे. नवरा इथल्याच केबल चॅनेलवर एडिटर होता. आलेली चित्रं कापायची, जोडायची, बातमी उभी करायची.

गेला आठवडाभर नळाला गढूळ, वासाचं पाणी येत होतं. लेकीचं पोट बिघडलं ते आत्ता कुठे ताळ्यावर येत होतं. निवडणूक तोंडावर, तेव्हा नगरसेवकांनी वॉर्डाची पाण्याची टाकी धुवायचं वचन देऊन टाकलं आणि काल संध्याकाळी चॅनेलवर बातमीही आली: टाकी धुतली, पाणी शुद्ध.

सकाळी जिन्यात खालची शेजारीण भेटली. तिच्या दोन्ही मुलांना जुलाब झाले होते. "सुटले बाई त्या पाणी उकळण्यातून," ती म्हणाली. "तुमच्याच घरातून बातमी आलीय म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?"

ते वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं. दुपारी बातमी पुन्हा लागली तेव्हा लेकीला खांद्यावर थोपटत ती टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली. रबरी बूट घातलेली माणसं, शिडी, पाण्याचा पाइप. पुढे नगरसेवक. त्यांच्या खांद्यावरून पलीकडचं मैदान दिसत होतं, मैदानाच्या कडेला सामन्याचे गोल लिहायचा एक लाकडी फळा. तिनं रिमोटनं चित्र थांबवलं.

"बाबा, जरा इकडे या."

"आत्ता? रेडिओवर पेनल्टी चाललीय!"

"या हो."

सासरे कुरकुरत आले, चष्मा वर सरकवला आणि त्यांचा चेहराच उतरला. "तीन-शून्य! अगं, हा गेल्या हंगामातला शेवटचा सामना. आपली अब्रू गेली होती."

"नक्की?"

"लग्नाची तारीख विसरेन, हे नाही विसरणार. आणि तो लाकडी फळा आता आहे कुठे? दिव्यांचा बोर्ड आला ना तिथे."

नवऱ्याला फुटबॉलचा लहानपणापासून कंटाळा. टाकीवर धुतल्याची तारीख लिहिलेला फलक त्यानं चित्रातून बरोबर कापला होता. फळ्यावरचे आकडे मात्र त्याच्या लेखी नुसते आकडे होते.

तो घरी आला तेव्हा तिनं चहा दिला नाही.

"टाकी कधी धुतली रे?"

"काल. बातमी बघितली नाहीस?"

"बघितली ना," सासरेच मध्ये पडले. "काल टाकी धुतली आणि काल आपण परत तीन-शून्यनं हरलो. नशीबच फुटकं आपलं!"

नवरा एकदा टीव्हीकडे, एकदा बापाकडे बघत राहिला. मग मटकन खुर्चीत बसला. "चॅनेलचे साहेब म्हणाले, संध्याकाळी बातमी गेलीच पाहिजे. नवीन चित्रं नव्हती, जुनी लावली. सगळीकडे लावतात. कोपऱ्यात 'संग्रहित' लिहायचं असतं, एवढंच."

"लिहिलंस?"

"नको म्हणाले."

"आणि टाकी?"

"धुतली असेल गं. मी बंद खोलीत बसतो, मला काय ठाऊक?"

"ठाऊक नाही? मग काल जेवताना तूच का म्हणालास, लेकीचं पाणी अजून उकळत जा? मला वेडीला वाटलं, किती काळजी बापाला!"

सासऱ्यांनी आतल्या खोलीत जाऊन रेडिओ बंद केला.

"खाली काही सांगू नकोस," शेवटी तो हळूच म्हणाला. "साहेबांच्या कानावर गेलं तर नोकरी जाईल माझी. आपलं पाणी तर आपण उकळतोच आहोत ना?"

तिनं लेकीला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि चपला न घालताच जिना उतरली.

शेजारणीनं दार उघडलं. आत मुलं जेवायला बसली होती, पाण्याचे पेले भरलेले.

"पाणी उकळा," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. ते पेले ओता आधी."

"का? काल तर बातमीत..."

"आमच्याच घरातली बातमी आहे ती, म्हणून सांगतेय."

जिन्यावर पावलं वाजली. लेकीचं रडणंही ऐकू आलं. नवरा तिला घेऊन खाली येत होता. आपल्याला आवरायला की आपल्या बाजूनं बोलायला, तिला काही सांगता येईना. त्याची वाट बघत ती थांबली नाही.

"टाकी धुतलीच नसेल," ती म्हणाली. "ते चित्र गेल्या वर्षीचं आहे."