शिकंजा उचलला तेव्हा

सोमवारी सकाळी धाकटीला पलंगावरून उठायचं तर आधी कुशीवर वळावं लागलं, मग कोपर टेकून, मग एक पाय खाली आणि "अगं आई गं" म्हणत दुसरा. पोटऱ्यांचे दगड झाले होते. मांड्यांना नुसता हात लागला तरी नको वाटत होतं. भिंतीला धरत ती मोरीकडे निघाली, तर पाच वर्षांची लेक दारात उभी राहून टक लावून बघत होती.

"आई, तू बदकासारखी का चालतेस?"

"काल तुझी आई हमाल झाली होती."

"आणि आज?"

"आज म्हातारी."

लेकीला ते फारच पटलं. वेणी घालताना आईचे हात वर जाईनात तशी ती आपणहून मान खाली घालून, शहाण्यासारखी बसून राहिली. धाकटीला वाटलं, दुखतंय ते बरंच झालं. एरवी हे ध्यान एका जागी बसतं कधी?

खरं तर तिला त्या दुखण्याचा थोडा अभिमानच होता.

ग्रंथालयात पुस्तकं बांधणाऱ्या दोघीच. एकीची नोकरी कायम, निवृत्तीला तीन वर्षं उरलेली. ही दहा वर्षं हंगामी, दर वर्षी नवं पत्र. सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत, एका घरात दिलेल्या जावांसारखं. खळ किती शिजवायची, दाभण कसं धरायचं, कुजलेल्या पानाला कसं हाताळायचं, सगळं थोरलीनेच शिकवलं. हिच्या बाळंतपणात थोरलीने दोघींचं काम एकटीने ओढलं, म्हणून हिची जागा टिकली. तिचा शब्द म्हणजे धाकटीला काळ्या दगडावरची रेघ.

रविवारी ग्रंथालय रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत हललं. बाकीचे जिन्यात रांगेने उभे राहून गठ्ठे हातोहात खाली देत होते. बांधणीखात्याचं सामान मात्र बांधणीवाल्यांनीच हलवायचं, अशी जुनी रीत. त्यातही बांधलेलं पुस्तक ज्यात आवळून ठेवतात तो लोखंडी शिकंजा, पुढे ज्याला त्यावर काम करायचं त्यानेच उचलायचा. थोरलीला तिच्या गुरूने तो असाच सोपवला होता.

"माझे गुडघे तर तुला माहीतच आहेत," तिसऱ्या मजल्यावर थोरली म्हणाली होती. "उचल. आता तुझाच."

धाकटीचे डोळे भरून आले होते. वर्षभर स्टुलावर बसून काम करणारी बाई, पण तिने तो शिकंजा झोपलेल्या लेकीला घ्यावं तसा छातीशी धरला आणि एकेक पायरी चाचपत पंचेचाळीस पायऱ्या उतरली. मग पुठ्ठे कापायचा कटर, वजनं, दाभणांचा डबा. आणखी चार खेपा. मागच्या दाराशी ट्रक उभा होता. "नव्या खोलीचा रंग ओला आहे, तोवर सामान गोदामात," असं थोरलीनेच सांगितलं. खोकी उघडायची कोणत्या क्रमाने, ते आकडेही धाकटीने वर घातले होते. एक नंबरवर खळीचं पातेलं.

आता ती नव्या इमारतीचा जिना कठड्याला धरून चढली. दुसऱ्या मजल्यावर, थोरलीने सांगितलेल्या खोलीत, कर्मचाऱ्यांची कपाटं होती आणि एक झेरॉक्सचं मशीन. रंग कोरडा होता. कार्यालयातला लेखनिक तिथे बिस्किट चहात बुडवत उभा होता.

"बांधणीची खोली कुठली हो?"

"बांधणीची?" त्याने बिस्किट घाईने तोंडात टाकलं. "अहो, ते काम बाहेर दिलं ना. तुम्हाला कुणी बोललं नाही?"

"सामान गोदामात आहे आमचं."

"गोदाम कुठलं? भंगारवाल्याचाच तर ट्रक होता तो." तिचा चेहरा बघून त्याने आवाज उतरवला. "भंगाराच्या यादीवर थोरलीबाईंची सही आहे, महिन्यापूर्वीची. त्यांना खाली काउंटरवर घेतलंय. मला वाटलं, तुमच्या घरातलीच गोष्ट, तुम्हाला ठाऊक असणार."

जिना उतरणं चढण्यापेक्षा वाईट. प्रत्येक पायरीला मांडी थरथरत होती. शेवटी धाकटी पाठमोरी होऊन उतरली. उतरता उतरता तिने बोलायचं सगळं जुळवून ठेवलं.

पण काउंटरमागून थोरलीने तिला तशी उतरताना आधीच पाहिलं होतं.

"अगं ये, ये. मेले, काय दशा करून घेतलीस." हाताला धरून तिने तिला मागच्या खोलीत नेलं, खुर्चीत बसवलं, दुसऱ्या खुर्चीवर तिचा पाय ठेवला. किटलीतलं पाणी रुमालावर ओतून तो पिळला, पोटरीवर ठेवला. "जोरात दाबायचं नसतं अशा वेळी. अंगठा खालून वर, हाडाला न लागता. घरी जाऊन आडवी पडू नकोस, थोडं चालत राहा. पाणी पी भरपूर. नवऱ्याला तुडवायला लावू नकोस, त्याला काही कळत नाही."

थोरलीच्या अंगठ्याला दुखरी जागा न विचारता सापडायची. धाकटीची पोटरी हळूहळू सैल होत गेली. तिला स्वतःच्या पायाचा राग आला.

"ताई, सही कधी केलीत?"

अंगठा थांबला. मग पुन्हा चालू झाला, जरा हळू.

"काउंटरवर खुर्ची एकच होती गं."

"ती तुम्ही घेतलीत, त्याचं नाही मी म्हणत. तुमचे गुडघे मला दिसतात."

"मग?"

"महिनाभर शेजारी बसलात. डब्यातलं अर्धं लोणचं मला काढून देत होतात. एकदा सांगायचं."

थोरली रुमाल पुन्हा भिजवायला उठली. पाठ करूनच म्हणाली, "सांगितलं असतं तर काल तू आली असतीस?"

"नसते आले."

"तेच. खोली रविवारपर्यंत रिकामी करून द्यायची, हे माझ्या गळ्यात होतं. हमाल द्यायला ते तयार नव्हते. मला एक पातेलं उचलत नाही. तुझ्याशिवाय होतं कोण मला?"

शेवटचं वाक्य ती इतक्या मायेने बोलली, की धाकटीला क्षणभर कळेचना, हे आपल्याला दिलंय की आपल्याकडून घेतलंय.

"आणि 'आता तुझाच' म्हणालात ते?"

गरम रुमाल घेऊन थोरली दुसऱ्या पोटरीकडे वाकली.

"राहू दे," धाकटी म्हणाली. तिने पाय खाली घेतला, सलवार सारखी केली. दुसरा पाय तसाच दगड होता. खुर्चीच्या हातांवर जोर देऊन ती उठली. थोरलीने सवयीने पुढे केलेला हात हवेतच राहिला.

बाहेर जायची वाट काउंटरवरूनच होती. तिथे एक निवृत्त शिक्षक मोठा शब्दकोश घेऊन खोळंबले होते. कणा सुटलेला, पानांचे जुडगे लोंबत होते. थोरली लगबगीने येऊन खुर्चीत बसली, पुस्तक हातात घेतलं आणि वर न बघताच ते धाकटीकडे सरकवलं. "हे बघ गं जरा."

धाकटीचा हात पुस्तकाखाली गेला. दोरा जागोजागी तुटला होता, पण पानं चांगली होती. दोन दिवसांचं काम. तिने सुटलेले जुडगे एकावर एक नीट बसवले, कडा जुळवल्या, सांडू नयेत म्हणून वर पुठ्ठा ठेवला.

मग तिने शब्दकोश थोरलीच्या पुढ्यात परत ठेवला.

"बाहेर पाठवा," ती म्हणाली. "सही तुमचीच लागेल."

आणि दाराबाहेरच्या तीन पायऱ्या ती, कठडा नव्हता तरी, समोर बघत उतरली.