संत आंतोनिओंचा उसना कुत्रा

मी एक जुना लाकडी कुत्रा आहे. डावा कान वाळवीने खाल्लाय, शेपटीला खिळा ठोकलाय आणि पोराटोरांनी हात लावून लावून माझं नाक गुळगुळीत करून टाकलंय. तोंडात एक पाव आहे, तोही लाकडाचाच. दक्षिण ब्राझीलच्या डोंगरात, द्राक्षमळ्यांच्या मधोमध एक छोटं चर्च आहे. तिथे संत आंतोनिओंच्या पायाशी मी उभा असतो. बाहेरगावचा कुणी जाणकार आत आला की हटकून म्हणतो, "अहो, कुत्रा तर संत रोक्कोंचा! आंतोनिओंकडे कसा आला?" मित्रांनो, तीच तर माझी गोष्ट आहे.

मला कोरलं फिओरावांतेने. तो आणि त्याची बायको ओलिव्हा इटलीतून जहाजाने इथे आले. त्यांच्यासारखीच आणखी बरीच कुटुंबं आली. त्यांनी जंगल तोडलं, मका पेरला, वेल लावले आणि दोन वेळची पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट लापशी, पोटात जायला लागल्यावर सगळ्यांना चर्चची आठवण झाली. फिओरावांतेच्या गावचे संत म्हणजे रोक्को. ते रानात आजारी पडले तेव्हा एक कुत्रा त्यांना रोज पाव आणून द्यायचा म्हणे. त्यामुळे रोक्को कोरायचे तर पायाशी कुत्रा हवाच. फिओरावांतेने पाइनचा ओंडका आणला आणि संतांच्याही आधी मला घडवलं. या गोष्टीचा मला अजून अभिमान आहे.

ओलिव्हा कोंबड्यांना दाणे टाकून आली आणि तिच्या हातातलं सूपच खाली पडलं.

"अगं बाई! अहो, हा तर आपला मोरो!"

मोरो हा तिचा गावाकडचा कुत्रा. जहाजावर कुत्र्याला कोण घेणार? बंदराकडे निघताना स्टेशनवर तिने त्याच्यापुढे पाव टाकला होता. तो खाण्यात गुंतेल आणि तेवढ्यात गाडी सुटेल, असं तिला वाटलं. पण तो गडी पाव तोंडात धरून गाडीमागे धावत सुटला. पाव काही त्याने खाल्ला नाही. त्यानंतर ओलिव्हाने मोरोचं नाव कधी काढलं नव्हतं. त्या दिवशी मात्र ती माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. मग एप्रनच्या टोकाने नाक पुसून नवऱ्याला म्हणाली, "शेपटी आखूड झालीये हो. त्याची चांगली लांब होती."

फिओरावांतेने मुकाट्याने एक तुकडा जोडला. खिळा दिसतो तो त्याचाच.

इथवर सगळं छान चाललं होतं. मग भांडण लागलं. ओढ्याकाठची कुटुंबं रोक्कोंची, तर टेकडीवरची दुसऱ्या गावची. त्यांचे संत आंतोनिओ. चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या आणि छप्पर अडलं.

टेकडीवरचा टिबुर्झिओ हात उडवून म्हणाला, "रोक्को बसणार असतील तर आमच्याकडून एक फळीसुद्धा मिळणार नाही!"

"नका देऊ!" ओढ्याकाठचे ओरडले. "तुमचे आंतोनिओ हरवलेल्या वस्तू शोधून देतात ना? मग त्यांनाच लावा फळ्या शोधायला!"

भिंतींवर गवत उगवलं तरी कुणी मागे हटेना. शेवटी ओलिव्हाच कंटाळली. "अहो, करून टाका त्यांचे आंतोनिओ," ती नवऱ्याला म्हणाली. "पण कुत्रा हलायचा नाही. तो ओढ्याकाठच्यांचा वाटा."

फिओरावांतेने तयार झालेल्या रोक्कोंच्या मूर्तीची दाढी तासली, काठीच्या टोकाला लिलीचं फूल कोरलं आणि हातात बाळ येशू दिला; झाले आंतोनिओ तयार. "सुताराने संतांची हजामत केली!" म्हणून गावभर हसू झालं. पण छप्पर बघता बघता चढलं. तेव्हापासून जूनमध्ये आंतोनिओंचा सण होतो आणि ऑगस्टमध्ये, रोक्कोंच्या दिवशी, माझा. माझ्या सणाला पंचक्रोशीतले कुत्रे आशीर्वादाला येतात आणि मग जी काही भुंकाभुंकी होते, ती विचारूच नका.

बरीच वर्षं अशी सुखात गेली. फिओरावांते देवाघरी गेला. ओलिव्हाची कंबर वाकली, पण दर रविवारी माझ्या नाकाला हात लावल्याशिवाय ती घरी गेली नाही. मग फादर आन्सेल्मो आले. तरुण, मनाने चांगले, पण भारी नियमाचे.

"आंतोनिओंना कुत्रा? छे छे, लोक हसतील आपल्याला," ते म्हणाले. माझी रवानगी झाली दाराशेजारच्या कोठीत, दारूच्या रिकाम्या पिंपांमागे. एका कोंबडीने माझ्या पायांमध्ये अंडी घातली. काहीतरी काम मिळालं म्हणून मी तेवढ्यावर समाधान मानलं, पण मनातून खचलो होतो.

रविवार आला. ओलिव्हा आत गेली आणि तशीच परत येऊन बाहेर पायरीवर बसली. कोठीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"आजी, आत चला ना. प्रार्थना सुरू होतेय," फादर म्हणाले.

"माझा कुत्रा आत आला की येईन."

"अहो, एका लाकडी कुत्र्यासाठी एवढं?"

"फादर, एकदा मी गाडीत बसले आणि तो मागे राहिला. तेव्हा पोरवय होतं, गप्प बसले. आता नाही बसणार."

"पण आंतोनिओंचा आणि कुत्र्याचा संबंध काय, आजी?"

"हरवलेलं शोधून देणारे ना ते? मग माझा हरवलेला कुत्रा त्यांच्या पायाशी नाही सापडणार तर कुठे सापडणार?"

तेवढ्यात काठी टेकत म्हातारा टिबुर्झिओ बाहेर आला. हो, तोच फळीवाला. तो ओलिव्हाशेजारी पायरीवर बसला आणि म्हणाला, "आता आम्हा दोघांना उठवून दाखवा, फादर." पाठोपाठ टेकडीवरचे आले, ओढ्याकाठचे आले आणि सगळं चर्च पायऱ्यांवर येऊन बसलं. फादरांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि त्यांना हसूच फुटलं. ते स्वतः कोठीत शिरले. कोंबडीने त्यांच्या हाताला कडकडून चोच मारली, तरी त्यांनी मला छातीशी धरून बाहेर आणलं. त्यांच्या झग्यावर पिसंच पिसं होती.

मित्रांनो, घर सोडून दूर जाणाऱ्याला सगळं काही बरोबर नेता येत नाही. तुमच्याही घरात कुणीतरी काहीतरी जपून ठेवलं असेल. ते मोडकं असेल, विजोड असेल, जागाही अडवत असेल. ते अडगळीत टाकण्याआधी त्यामागचं माणूस कोण, एवढं जरा विचारा. माझं दुसरं काही मागणं नाही.

मला जागेवर ठेवल्यावर ओलिव्हा जवळ आली. तिने माझ्या नाकावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "आलास? किती रे धावलास! आता तरी खा तो पाव."

पाव लाकडाचा आहे, मित्रांनो. पण खरं सांगतो, गोड लागला.