टाकी कुणी मारली

टाकी मेली, हे बन्यामीनच्या नाकाला आधी कळलं, मीटरला नंतर. शिरूरहून न्हावऱ्याकडे जाताना जी लहानशी औद्योगिक वसाहत लागते, तिथल्या सगळ्या कारखान्यांचं सांडपाणी एका प्लँटमध्ये आणून शुद्ध करायचे आणि बन्यामीन त्या प्लँटचा ऑपरेटर होता. धडधाकट टाकीला ओल्या मातीचा वास येतो. त्या सकाळी मात्र मुतारीसारखा भपकारा आला आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तपकिरी गाळ राखाडी पडला होता. काचेच्या उंच भांड्यात घेऊन बघितला, तर तळाशी बसायचं नाव घेईना.

अशा टाकीत पाणी साफ करतात ते जंतू. त्यांना हवा द्यायची, घाण खाऊ घालायची, की बिचारे कामाला लागतात. आता त्यांचं बी आणायचं कुठून? मोठ्या शहरांत काय करत असतील ते करोत, आपल्याकडे नव्या टाकीत पहिल्या दिवशी शेण पडतं. शेण, गूळ आणि वरून हवा. दुधाला विरजण लावावं तसंच ते. या टाकीला विरजण लागलं होतं म्हस्कूच्या गोठ्यातलं.

म्हस्कू आणि बन्यामीन मिशनच्या शाळेत एका बाकावर बसलेले. म्हस्कूचे वाडवडील मेंढरांमागे फिरले, तो मात्र थोडी जमीन धरून स्थिरावला. गाई होत्या, थोडी मेंढरं होती. शेणाच्या बदल्यात प्लँटमधलं शुद्ध झालेलं पाणी पाइपानं त्याच्या रानात जायचं आणि त्या पाण्यावर त्याचा लसूणघास उभा असायचा. सोन्यासारखा व्यवहार होता. कुणाच्या डोळ्यांत खुपण्यासारखा नव्हता, पण संशयाला डोळे लागत नाहीत.

बन्यामीननं म्हस्कूचं शेण पुन्हा टाकलं, गूळ टाकला. टाकी उठून बसली, चार दिवस हसली-खेळली आणि परत मेली. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा त्याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

शेण आणायला वस्तीवर गेला, तेव्हा गोठ्याच्या कुडाला टेकवलेला एक रिकामा डबा त्याला दिसला. गोचिडाचं औषध. मेंढरं नुकतीच कातरून धुतलेली दिसत होती. ते औषध शेणात उतरलं तर जंतूंचा खेळ खल्लास, एवढं बन्यामीनला कळत होतं. म्हस्कूच्या बायकोनं, म्हाळसानं, चहा आणून दिला. बन्यामीन चहा प्यायला, डब्याकडे दोनदा बघितलं आणि काही न बोलता उठला. दुसऱ्या दिवशी प्लँटच्या मॅनेजरना, बापूसाहेबांना, त्यानं सगळं सांगितलं. बापूसाहेबांना कुणावर तरी खापर फोडायचंच होतं, त्यांनी त्याच दिवशी म्हस्कूचा पाइप बंद करवला.

म्हस्कू तडक प्लँटवर आला.

"माझ्या शेणात औषध हाय, असं तू सांगितलंस?"

"मी डबा दिसला म्हणालो."

"मेंढरं मी वढ्यावर धुतली. शेण दिलं ते गाईंचं. भंडारा उचलून सांगतो, बन्यामीन."

"भंडाऱ्यानं टाकी चालत न्हाई, म्हस्कू."

म्हस्कू फाटकाकडे वळला. मग म्हणाला, "आज डेअरीनं माझं दूध परत पाठवलं. औषधाचं हाय म्हणत्यात." आणि गेला. बन्यामीनला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण चोर तोंडानं कबूल थोडाच होतो, असं त्यानं स्वतःला समजावलं.

आता शेण आणायचं कुठून? त्याच्या बायकोच्या, हन्नाच्या, ओळखीची तानुबाई पाटसला गाई-म्हशी राखून होती. बन्यामीन दौंडमार्गे मोटारसायकलवर शेणाची पोती घेऊन आला, तेव्हा रस्त्यात सगळे नाक धरून वाट देत होते. गूळही तिकडच्याच गुऱ्हाळातला. टाकी पुन्हा उठली आणि पुन्हा मेली.

दुसरा एखादा असता तर म्हणाला असता, चला, म्हस्कू सुटला. पण एकदा पिवळा चष्मा चढला की दूधही पिवळं दिसतं. बन्यामीननं मनाशी पक्कं केलं, की पाणी तोडल्याच्या रागानं म्हस्कू आता स्वतः येऊन टाकीत औषध ओतून जातो. त्यानं फाटकाला जाडजूड कुलूप लावलं, कुंपणाला काटेरी तार ओढली, म्हस्कूच्या पोराला, संपतला, रस्त्यानं जाताना बघितलं तरी उठून उभा राहायला लागला. टाकी कुलपाआडही मेली.

तेव्हा कुठं त्याची अक्कल जागेवर आली. बाहेरून कुणी येत नसेल तर विष आतूनच येत असणार, म्हणजे कारखान्यांच्या नळातून. त्यानं घरामागे बादल्या मांडल्या. प्रत्येकीत शेणकाला आणि गूळ, आणि एकेका कारखान्याच्या गटारातलं पाणी.

"ह्या घरात माणसं राहत्यात का जंतू?" हन्ना पदर नाकाला लावून म्हणाली.

"दोन दिवस कळ काढ."

दोन दिवसांनी सगळ्या बादल्या बुडबुडत होत्या. रंगवाल्याची, बिस्किटवाल्याची, मशीन-पार्टवाल्याची, सगळ्यांची. बन्यामीन कपाळाला हात लावून पायरीवर बसला. त्याची मुलगी फेथ कामावर निघाली होती. वसाहतीतल्याच मोज्यांच्या कारखान्यात ती पॅकिंगला होती आणि पुढच्या महिन्यात तिला कायम करणार होते.

"पप्पा, आमच्या कारखान्याची बादली कुठंय?"

"तुमचं पाणी कशाला? झऱ्यासारखं नितळ असतं. त्यात तर चांदी असते म्हणे."

त्याच्या मते विषय संपला होता. चांदी म्हणजे शुद्ध. फेथच्या बाप्तिस्म्याला आजोळहून चांदीची वाटी आली होती आणि पोरीला पहिला भात त्याच वाटीतून भरवला होता. ज्या पाण्यात चांदी आहे त्याच्यावर संशय घेणं त्याला पापच वाटलं असतं.

फेथ चपला घालता घालता थांबली. "चांदीच आहे, पण नॅनो."

त्या वर्षी नॅनो म्हटलं की लोकांना नवी छोटी गाडीच आठवायची. बन्यामीननंही तोंड वाकडं केलं.

"इतके बारीक कण की कुठल्या गाळण्यात अडकत नाहीत," फेथ म्हणाली. "मोज्यांना वास येऊ नये म्हणून हल्लीच लावायला लागलेत. वास जंतूंमुळं येतो ना? ती चांदी जंतू मारते. साहेब प्रत्येक पाहुण्याला हेच सांगतात. आणि मोजे धुतलेलं पाणी तुमच्याकडंच येतं."

 कुणी पढवून पाठवलं का हिला, असंही क्षणभर बन्यामीनच्या मनात आलं. पोटच्या पोरीवर! मग त्याची त्यालाच शरम वाटली.

त्या पाण्याची बादली त्यानं त्याच दिवशी मांडली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या बादल्यांवर फेस होता आणि ही गप्प होती. शेण तळाशी निपचित पडलेलं, वर ते नितळ पाणी. त्यानं पुन्हा करून बघितलं, या वेळी म्हस्कूच्या गोठ्यातलं जुनं, प्लँटवर पडून राहिलेलं शेण घेऊन. मोज्यांच्या पाण्यात तेही निपचित राहिलं, साध्या पाण्यात मात्र असं फसफसलं, की बादलीतून उतू गेलं. बन्यामीन तसाच उठून बापूसाहेबांकडे गेला.

बापूसाहेब आधी हसले. "चांदीनं कधी कुणी मेलंय का हो?" मग पुण्याच्या लॅबमधून उत्तर आलं आणि त्यांचं हसू मावळलं. मोजेवाल्यांनी कुरकुरत का होईना, धुण्याचं पाणी वेगळ्या टाकीत साठवायचं कबूल केलं. फेथचं कायम होणं लांबलं. कारण कुणी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. टाकीला मातीचा वास आला.

"म्हस्कूचा पाइप सोडा," बापूसाहेब म्हणाले, "पण गाजावाजा नको. झालं गेलं विसरून जातात लोक."

बन्यामीन मात्र गाजावाजा करत गेला. आधी डेअरीत गेला, भर गर्दीत उभा राहून म्हणाला, म्हस्कूच्या दुधात काही नव्हतं, शेणातही नव्हतं, खोट माझ्या डोक्यात होती. मग वस्तीवर गेला. लसूणघास वाळून काड्या झाल्या होत्या. दावणीची एक गाय कमी दिसत होती, पण कुठं गेली ते विचारायची त्याची छाती झाली नाही.

म्हस्कूनं सगळं ऐकून घेतलं. मोजे, चांदी, बारीक कण, सगळं. मध्ये एकदा हसलाही. "मोज्यांनी मारली व्हय टाकी! ऐकावं ते नवलच."

"चुकलं माझं, म्हस्कू. मी माफी मागायला आलोय."

"केलं की माफ. त्यात काय एवढं." म्हाळसाला त्यानं चहा टाकायला सांगितलं.

"पाणी उद्यापासून सोडतो. आन् शेण परत तुझ्याकडूनच नेणार. जास्तीचं लागंल."

म्हस्कू हातातली दोरी वळत राहिला.

"पाणी सोड. घासाचा काय गुन्हा हाय? पर शेण दुसरीकडनं आण, बन्यामीन."

"का रं? माफ केलं म्हणतोस ना?"

"केलं. मनापासून केलं. पर टाकी हाय ती, उद्या परत बिघडंल. कशानं बी बिघडंल. तवा पहिली नजर तू कुठं टाकशील, सांग."

बन्यामीनला म्हणायचं होतं, तुझ्याकडं न्हाई. खंडोबासमोर म्हणायची तयारी होती, येशूसमोर म्हणायची तयारी होती. पण म्हस्कू समोर बसून वाट बघत होता आणि त्याच्याशी खोटं बोलायची बन्यामीनला लहानपणापासून सवय नव्हती. चहा आला. दोघांनी तो घेतला, आणि दुसऱ्या दिवशी बन्यामीननं पाणी सोडलं आणि पोती घेऊन पाटसची वाट धरली.